पदर घ्या, म्हणजे परीक्षा उघडेल

लिहायला बसले आणि आधी दाराची कडी लावली, कारण आमचे सर हा अंक घेतात, दरवर्षी घेतात, वाचतात का ते माहीत नाही पण टेबलावर ठेवतात, आणि आत माझं नाव दिसलं तर वाचतीलच. अंकवाल्या ताई केंद्रावर आल्या होत्या, म्हणाल्या दूरशिक्षणाचा विषय घेतलाय, मोठमोठ्या लोकांचे लेख आलेत, खिडकीत बसणाऱ्या बाईचा एकही नाही. मी म्हटलं ताई, मला लिहिता येत नाही. त्या म्हणाल्या बोलता येतं ना, तसंच लिहा. तर हे तसंच आहे. बोलताना मला श्वास घ्यायचं भान राहत नाही, लिहितानाही राहणार नाही, तुम्हीच मध्ये मध्ये थांबून घ्या.

मी पारोळ्याला एका मुक्त विद्यापीठाच्या अभ्यास केंद्रावर बसते. कोणत्या ते लिहीत नाही, तेवढी हिंमत नाही. एका कॉलेजच्या मागे, सायकल स्टँडला लागून दोन खोल्या आहेत, एका खोलीत कपाटं आणि एका खोलीत मी. ज्याला कॉलेजला जाता आलं नाही, ज्याची शाळा सुटली, ज्याला नोकरी करता करता शिकायचंय, तो आमच्याकडे येतो. शाळा अजिबात पूर्ण नसली तरी पूर्वपरीक्षा नावाची एक परीक्षा असते, ती पास झाली की सरळ बीएला नाव घालता येतं. फॉर्म आम्ही भरतो, पुस्तकं आम्ही देतो, रविवारी एक सर येऊन शिकवतात त्याला संपर्क सत्र म्हणतात, आणि घरी बसून उत्तरं लिहून आणायची त्याला स्वाध्याय म्हणतात. एवढंच दूरशिक्षण. बाकी सगळं भाषणात असतं.

आता पहिलीच गोष्ट सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. मी नववी आहे. माझं माहेर भडगावकडचं, आमच्या गावात शाळा नववीपर्यंतच होती, दहावीला दुसऱ्या गावी जावं लागायचं आणि ती एसटी बंद झाली. एसटी बंद झाली म्हणून माझी शाळा बंद झाली, त्याला काही मोठं कारण नाही. पण लग्न जमवताना बाबांनी बारावी सांगितलं. सासरच्यांनी तेच धरलं. आमचे सर म्हणजे केंद्राचे प्रमुख, सासरच्या नात्यातले, त्यांनी लग्नानंतर चार महिन्यांनी निरोप धाडला की सूनबाई बारावी आहे ना, केंद्रावर बसेल का. मी मान हलवली. तोंडाने काही बोलले नाही, मान हलवली, आणि त्या एका मानेसाठी मी पुढे सहा वर्षं घाबरत राहिले. दारात कोणी फाईल घेऊन उभं राहिलं की वाटायचं, आला, माझा दाखला मागायला आला.

पहिल्या दिवशी मी उंबऱ्यावरच अडले ते बघून नाना म्हणाले, "पोरी, घाबरू नको. आठे येनारा बठ्ठा घाबरेल ऱ्हातस. जो घाबरस नही तो सरळ कॉलेजमा जास, आठे कसाले येई?"

नाना म्हणजे केंद्राचे शिपाई, बोलणं आमचं अहिराणी, आठे म्हणजे इथे, बठ्ठा म्हणजे सगळे, कसाले म्हणजे कशाला. केंद्र निघालं त्या दिवसापासूनचे. पाणी भरायचे, पार्सलं उचलायचे, झाडायचेही तेच, कारण त्यांना सांगितलेलं होतं की झाडणारी नेमलेली नाही. दूरशिक्षणाचा इतिहास मला त्यांनी शिकवला, तो असा, कपाटाच्या चाव्या हातात घेऊन. खालच्या फळीवर गोणपाटात शिवलेली पुस्तकं, ती एसटीच्या टपावरून यायची, पावसाळ्यात आली की नाना ती सायकल स्टँडच्या पत्र्याखाली दोरीवर वाळत घालायचे आणि यावलकडचे केळीच्या बागेतले मजूर रविवारी येऊन ओलीच घेऊन जायचे. तेव्हा म्हणे रेडिओवर पाठ लागायचा. वेळेचा कागद दारावर लावलेला असायचा आणि कागद इथे पोचेपर्यंत पाठ होऊन गेलेला असायचा. त्याच्या वरच्या फळीवर कॅसेटी. त्याच्या वर एक टीव्ही, छतावर लावायच्या छत्रीसकट आलेला, आकाशातून शिक्षण येणार होतं. आकाशातून कबुतरं आली, त्या छत्रीत बसायला. त्याच्या वर सीड्या. सगळ्यात वर टॅब, खोक्यातच.

नाना म्हणायचे, "पेटी येस, हार पडस, फोटू निघस, कुलूप लागस. मी चार पेट्या देख्यात."

मी तेव्हा हसायचे. मला वाटायचं म्हातारा माणूस, नव्याला नावं ठेवतो. पाचवी पेटी आली ती माझ्याच हातात आली, मग कळलं.

त्याआधी लोकांचं थोडं सांगते, कारण मोठ्या लोकांनी त्यांच्या लेखात लिहिलं असेल की मुक्त विद्यापीठामुळे ज्ञानाची गंगा वगैरे. आमच्या खिडकीत ज्ञान मागायला फार थोडे आले. एक पुढारी यायचे, गाडीतून उतरायचे नाहीत, काच खाली करायचे आणि म्हणायचे, "मॅडम, पुस्तकं राहू द्या, सर्टिफिकेट कधी?" मी म्हटलं साहेब, मध्ये तीन वर्षं आहेत. तर म्हणाले, "ती तुम्ही बघून घ्या." तीन वर्षं काय मी बघून घेऊ, ती मला माझीच बघता येत नव्हती. त्यांच्या पुस्तकांच्या गठ्ठ्याची सुतळी शेवटपर्यंत सुटली नाही, आम्ही त्याच्यावर पाण्याचा माठ ठेवायचो, बरोबर उंचीचा होता.

एक मास्तर होते, बढतीसाठी पुढची पदवी करत होते. त्यांचे स्वाध्याय फार सुंदर अक्षरात यायचे, दर वेळी वेगळ्या. मी एकदा जमा करून घेताना वाचलं, तर समाजशास्त्राच्या उत्तरात मध्येच लिहिलेलं, "सर पुढचं पान फाटलेलं आहे." शाळेतल्या पोराकडून उतरवून घेतलेलं, पोराने जसं वाटलं तसं लिहिलं. मी मास्तरांना दाखवलं. ते म्हणाले, "राहू द्या, कोण वाचतं?" आणि खरंच कोणी वाचलं नाही, त्यांना चांगले मार्क पडले. मी नववीतली, मी वाचलं. तपासणाऱ्याने नाही.

आणि एक कंडक्टर भाऊ होते, त्यांचं नाव घेऊन सांगायला हवं पण विचारलं नाही म्हणून घेत नाही. पारोळा-धुळे गाडीवर असायचे. पुस्तकाची पानं सोडवून चार चार पानं तिकिटाच्या पेटीत ठेवायचे आणि स्टँडवर गाडी थांबली की वाचायचे. दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा पास झाले तेव्हा पेढे घेऊन आले नाहीत, नापास झालेल्या विषयाचं पुस्तक घेऊन आले, म्हणाले, "मॅडम, हे कुणाला तरी द्या, यात मी खुणा केल्यात." सहा वर्षांत असा एक. मग मी बाकीच्यांना तुच्छ का मानू नये, सांगा.

मला ते मॅडम म्हणायचे. सगळेच म्हणायचे. आणि मी नववी.

पाचवी पेटी म्हणजे ॲप. वरून आलं की आता सगळं ऑनलाईन, फॉर्म ऑनलाईन, पुस्तक मोबाईलमध्ये, आणि प्रत्येकाचा फोटो काढून टाकायचा. फोटो मीच काढायची, केंद्राच्या भिंतीला टेकवून. पहिल्या आठवड्यात एका खेड्यातल्या सुनेचा फोटो काढला, साधा, डोकं उघडं, केस मागे बांधलेले. दुसऱ्या दिवशी तिचे सासरे काठी टेकत हजर.

"ह्या फोटू कोठे जाई?"

"वर जाईल आबा, विद्यापीठात."

"वर म्हनजे? कितला मानसं देखतीन?"

मला काय माहीत किती माणसं बघतील. आबा हलेनात. शेवटी ती सून आली, डोक्यावरून पदर घेतला, भुवयांपर्यंत ओढला, मी दुसरा फोटो काढला, आबा बघून म्हणाले, "आते ठीक शे." त्या दिवसापासून मी शहाणी झाले. कोणी बाई फॉर्म भरायला आली की तिने काही म्हणायच्या आधी मीच म्हणायची, ताई, पदर घ्या, नीट पुढे घ्या. मुसलमान बाया ओढणी घ्यायच्या. नंतर भांडण नको, सासरे नको, काठी नको. एकूण एक बाईचा फोटो मी तसाच काढला. सर म्हणाले, "वा मॅडम, किती संस्कारी दिसतंय." मला पण बरं वाटलं.

त्याच सुमारास नाना रिटायर झाले, त्यांच्या जागी कोणी आलं नाही, माझी पोरगी स्वरा झाली, आणि बाहेर आजार पसरला, सगळं बंद झालं. केंद्राला कुलूप. आणि बंदच्या आधी चार दिवस सरांनी एक कागद वाचून दाखवला, की केंद्रावर बसणाऱ्याचं निदान पदवीला तरी नाव पाहिजे, कागदपत्रं जोडून पाठवा. सर म्हणाले, "मॅडम, तुमचा बारावीचा दाखला घरी असेल, केंद्र उघडलं की आणा."

मी घरी आले आणि पोरीला पाजायला घेतलं तर दूध उतरेना, इतकी घाबरले. काम जाईल हे एक. दुसरं म्हणजे सर नात्यातले, त्यांना कळलं की अक्कांना कळणार, अक्का म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मग बाबांनी लग्नात खोटं सांगितलं हे गावभर होणार, माझ्या बाबांना या दारात मान वर करून येता येणार नाही. मग मी तेच केलं जे सहा वर्षं दुसऱ्यांना सांगत होते. मोबाईलवर माझा स्वतःचा पूर्वपरीक्षेचा फॉर्म भरला, आमच्याच केंद्राचा. पास झाले तर पदवीला नाव घालता येईल आणि दाखल्याचं मग कोण विचारतं. फोटो लागतो, तो मी आधीच केंद्राच्या भिंतीला टेकून काढलेला होता, ॲप आलं त्या दिवसांत, चालतं का बघायला. पदर घेऊन, अर्थात. मला काय कमी सासर होतं का. फक्त आमच्या ह्यांना सांगितलं. हे कापसाच्या जिनिंगला कामाला आहेत. ते म्हणाले, "मला लग्नानंतर आठ दिवसांतच समजलं होतं, तू मोबाईलचं पत्रक वाचताना बोट ठेवतेस." आणि जेवायला बसले. असा माणूस. रागवावं का हसावं.

परीक्षा घरूनच, मोबाईलवर, पूर्वपरीक्षा आणि बीए सगळ्यांची एकाच वेळी, अकरा ते बारा. कॅमेरा समोर चालू राहतो आणि तुमच्याकडे बघतो. कोणी दुसरं दिसलं, तुम्ही उठलात, फोन घेतलात, की एक इशारा. तीन इशारे झाले की परीक्षा बंद. साडेअकरानंतर कुणाला आत घेत नाही. हे नियम ज्याने केले त्याच्या घरात एक स्वतंत्र खोली असेल, दाराला कडी असेल आणि पोर सांभाळायला दुसरी बाई असेल. आमच्या घरात नेटवर्क फक्त धाब्यावर येतं, म्हणजे मातीच्या गच्चीवर. आणि उन्हाळा होता, धाब्यावर अक्कांच्या कुरडया वाळत होत्या.

मी एका कोपऱ्यात तेलाच्या डब्याला मोबाईल टेकवला, स्वराला झोळीत घातलं, झोळी जिन्याच्या दांडीला बांधली, दोरी पायाच्या अंगठ्याला. मॅक्सी घातलेली, केस ओले. पावणेअकराला आत जायला गेले तर ॲप म्हणे चेहरा जुळत नाही. परत केलं. जुळत नाही. तोंड धुतलं, कुंकू लावलं, उजेडाकडे वळले, जुळत नाही. पाच मिनिटं राहिली आणि मला खात्रीच पटली, की यांना कळलं, यांना वरून कळलं की मी बारावी नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. खाली पळत गेले, साडी गुंडाळली कशीतरी, डोक्यावर पदर घेतला, भुवईपर्यंत ओढला आणि बसले. उघडलं. जे सासरा काठी टेकून सांगत होता तेच ते यंत्र सांगत होतं, पदर घे, मग तुला ओळखतो. एवढं मोठं कुठल्या कुठल्या देशातलं डोकं लावून केलेलं यंत्र, आणि त्याला आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याइतकीच अक्कल. मला हसू आलं.

आणि लगेच ते हसू गेलं. कारण फोटो सगळ्या बायांचे मी काढले होते, आणि घरात भाकरी टाकून, पोरं दटावून, पदर खोचून परीक्षेला बसलेल्या त्या सगळ्या आता आपापल्या धाब्यावर, ओट्यावर, गोठ्यात बसून मोबाईलकडे बघत असतील आणि मोबाईल त्यांना म्हणत असेल, तू ती नाहीस.

पाचवा प्रश्न चालू होता तेव्हा पहिला फोन आला. मी घाबरून कापला, पण पडदा गेला आणि आला, पहिला इशारा. प्रश्न सोपे होते हो. खरंच सोपे होते. सहा वर्षं मी ती पुस्तकं लोकांना देता देता वाचली होती, मला येत होतं. मला येतंय हे कळल्यावर तर जास्तच घाम फुटला.

तेवढ्यात अक्का जिन्यातून वर आल्या, कुरडया उलटवायला. माझ्याकडे बघून थबकल्या.

"कोनसंगे बोली ऱ्हायनी?"

"कोनीसंगे नही अक्का, काम शे," मी ओठ न हलवता म्हटलं.

"मंग पदर कसाले इतला वढेल शे? कोन मोठा मानूस शे का त्यामा?"

अक्का मागून वाकून बघणार, म्हणजे त्यांचं तोंड कॅमेऱ्यात येणार, म्हणून मी मोबाईल थोडा फिरवला, तर पायाची दोरी ओढली गेली, झोळी हलली, स्वरा उठली आणि रडायला लागली. अक्कांनी तिला काढून माझ्या मांडीवर टाकलं आणि कुरडयांकडे गेल्या. पोरीने काय करावं, पदर धरला आणि ओढला. तिचं डोकं आणि माझं उघडं डोकं, दोन्ही कॅमेऱ्यात. दुसरा इशारा. मी एका हाताने पदर धरला, एका हाताने पोरीचे दोन्ही हात, आणि हनुवटीने, खोटं सांगत नाही, हनुवटीने एका उत्तरावर टिचकी मारली. ते बरोबर होतं का माहीत नाही.

अकरा वीसला रुखसाना आपांचा फोन आला. नाव पडद्यावर दिसत होतं. आपा म्हणजे पारोळ्यातच शिवणकाम करणाऱ्या, पन्नाशीला आलेल्या, बीएच्या शेवटच्या विषयाला अडकलेल्या. त्यांच्या नोंदणीची मुदत याच परीक्षेला संपत होती, ही गेली की आधीचे पास झालेले सगळे विषय पाण्यात. हे मलाच माहीत, फॉर्म मीच भरलेला. फोटो मीच काढलेला, ओढणी कपाळभर. त्या घरी मशीनवर बसतात तेव्हा ओढणी गळ्यात आणि त्यावर मापाची टेप.

फोन वाजत होता. शेजारणीच्या मोबाईलवरून करावा तर आपांचा नंबर माझ्याच मोबाईलमध्ये, पाठ नाही. मला वाटलं वाजू दे, बंद होईल. मग वाटलं सकाळपासून ज्या कोणी आत जात नाहीत त्या माझ्यामुळे जात नाहीत. मग वाटलं माझं काम, माझे बाबा. हे सगळं मी फार वेळ विचार करत बसले असं नाही, फोन सहा-सात वेळा वाजतो तेवढाच वेळ. मला कोणी चांगली म्हणू नका. मी घेतला तेव्हासुद्धा मनात होतं की पटकन बोलून ठेवला तर कदाचित इशारा धरणार नाही.

"बेटा, ये मेरेको पहचानताच नहीं," आपा रडवेल्या झालेल्या. "कबसे देखरी मैं."

"आपा, ओढणी डोक्यावर घ्या. भुवईपर्यंत. फोटोत होती तशी."

"ओढनी?"

"हो आपा, तो ओढणीला ओळखतो, तुम्हाला नाही."

ठेवला आणि पडद्यावर आलं, परीक्षा समाप्त. माझे बरेच प्रश्न राहिले होते.

मग घड्याळ बघितलं, अकरा बावीस. आता मोबाईल मोकळा होता, कोणी बघत नव्हतं. मी यादी काढली आणि एकेकीला फोन लावला. नमस्कार नाही, काही नाही, ताई पदर घ्या, ताई पदर घ्या, ताई डोक्यावर घ्या आणि परत करा. साडेअकरा वाजेपर्यंत आठ जणी लागल्या. आठही आत गेल्या, आपाही. बाकीच्यांचं काय झालं ते नंतर कळलं. काही जणी आपोआप पदर घेऊनच बसल्या होत्या, काही जणींची परीक्षा गेली, आणि त्यातल्या कुणी मला कधी शिव्या घातल्या नाहीत, कारण त्यांना वाटलं की चूक त्यांच्या चेहऱ्याची. आमच्या बायांना तसंच वाटतं.

मग मी रडले. अक्का जवळ आल्या, पोरीला घेतलं, आणि मी नाक पुसत सगळं ओकून टाकलं, की मी बारावी नाही, नववी आहे, बाबांनी खोटं सांगितलं, ही परीक्षा होती आणि ती गेली. मला वाटलं आता आभाळ कोसळेल.

अक्का म्हणाल्या, "मी तं शाळा देखेल नही. नववी म्हनजे मन्हापेक्षा नऊ जास्ती. ऊठ, तुना पदर कुरडयास्वर पडेल शे."

झालं. माझं एक आभाळ कुरडयांवर संपलं. दुसरं सरांकडे होतं.

केंद्र उघडलं त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी गेले. सर आले, खुर्ची पुसायला रुमाल काढला, आणि मी उभ्या उभ्या सांगितलं. दाखला नाही. नववी आहे. सर हसायला लागले, पोट धरून नाही, आपलं बारीक, लहान मुलाला हसतात तसं.

"अहो मॅडम, एवढंच ना? मी केवढा घाबरलो, म्हटलं काय झालं. तुम्हाला काही होत नाही. दाखला मी आपला फाईल भरायला मागत होतो."

"पण कागद आलाय ना सर, बसणाऱ्याचं..."

"बसणाऱ्याचं. तुम्ही कुठे बसता?" आणि त्यांनी हजेरीचं मस्टर काढलं, माझ्यापुढे ठेवलं. "हे बघा. निश्चिंत राहा."

मस्टरवर मी सहा वर्षं सही करत होते. सर नावापुढच्या रकान्यावर पट्टी ठेवायचे, नाहीतर तळहात, आणि म्हणायचे इथे करा. मी करायची. जी मी लोकांना खिडकीतून सांगत होते की आधी वाचा आणि मग सही करा, ती मी. त्या दिवशी पट्टी नव्हती. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, सफाई कामगार, अर्धवेळ.

"सफाईला शिक्षणाची अटच नाही," सर म्हणाले. प्रेमाने म्हणाले. खरंच त्यांना वाटत होतं ते मला वाचवतायत.

सहा वर्षं. दूध उतरेना, झोप लागेना, दारात फाईल दिसली की धास्ती. आणि कागदावर मी कधी खुर्चीत नव्हतेच, कागदावर मी केरसुणी घेऊन उभी होते. आणि नाना बिचारे झाडत राहिले, झाडणारी नेमलेली नाही म्हणून. मला सरांचा राग आला का? आला असेल, पण जास्त करून हसू आलं, तसं घाणेरडं हसू जे आपल्याला आपलंच येतं.

मी कोपऱ्यातली केरसुणी घेतली. दोन्ही खोल्या झाडल्या, कपाटांमागचं सुद्धा, जिथे नानांनंतर कोणी हात घातला नव्हता. पुढे पाणी मारलं. केरसुणी जागेवर ठेवली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.

त्या दिवशी फेरपरीक्षेचे फॉर्म होते. अकरापर्यंत खिडकीसमोर रांग सायकल स्टँडपर्यंत गेली. सर कॉम्प्युटरसमोर बसले, उठले, परत बसले. मग दारात आले.

"मॅडम, पासवर्ड काय आहे?"

"मला काय माहीत सर, मी झाडते."

"अहो, लोक उभे आहेत."

"दिसतायत."

रांगेतून कुणीतरी विचारलं की मॅडम आज बाहेर का. सर आत गेले, फोनवर कुणाला तरी विचारलं, त्यालाही माहीत नव्हतं, कारण सहा वर्षं तो सुद्धा मलाच विचारत होता. परत आले. आता आवाज वेगळा होता, हळू.

"बरं, काय करायचं बोला."

"मस्टर आणा."

ते आणायला गेले. मला वाटलं आता आतून मोठ्याने काहीतरी ओरडतील, नात्यातल्या कुणाला तरी फोन करतील, पण मस्टर घेऊनच आले, नवीन पान उघडलेलं. पायरीवर माझ्यापेक्षा एक पायरी खाली बसले, वर जागा नव्हती म्हणून. माझं नाव लिहिलं, पुढे लिपिक लिहिलं. पुढच्या रकान्यावर पेन थांबला.

"शिक्षण?" ते म्हणाले. "बारावी लिहितो. कोण बघतं."

"नववी लिहा."

"अहो, शिक्षणाचं केंद्र आहे, बरं दिसत नाही. वरून विचारलं तर?"

"विचारू द्या. नववी लिहा, मी वाचते आहे."

त्यांनी लिहिलं. वरून अजून कुणी विचारलेलं नाही, फाईल गेली तशी कुठेतरी पडली असेल. पण ते खाली लिहीत होते आणि मी वरून एकेक अक्षर बघत होते, आणि मागे रांगेतली ती माणसं, बाया, सगळी उभी राहून ऐकत होती, की खिडकीतली मॅडम नववी आहे. मग मी उठले, आत गेले, पासवर्ड टाकला आणि पहिल्या बाईला म्हटलं, ताई, या.